सुकेळ्याची राख

वसईजवळच्या उमेळ्यात सिगारेट सोडलेली माणसं बरीच असतील, पण सोडलेली सिगारेट इतक्या थाटात ओढणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांखेरीज दुसरा नाही. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात जिथे चाळीस वर्षं पाकीट असायचं, तिथे आता कागदात गुंडाळलेली सुकेळी असतात, घरच्या वाडीतल्या राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली. त्यातलं एक ते दोन बोटांत धरतात, मान तिरकी करून ओठांशी नेतात, बारीकसा तुकडा चावतात आणि आभाळाकडे बघत सावकाश श्वास सोडतात. एकदा तर त्यांनी अंगठ्याने त्या सुकेळ्याची राखही झटकली. ओटीवर बसलेल्या मामी म्हणाल्या, "काडी देऊ का पेटवायला?"

डॉक्टरांनी त्यांना फुप्फुसांचा फोटो दाखवून बजावलं होतं, आता एकही नको. शिवाय वसईतल्या एका समुपदेशक बाईंकडे सीबीटी नावाच्या उपचारासाठी पाठवलं. मामा एकटे जाईनात, म्हणून जोडीला मी गेलो. मीही दिवसाला सात-आठ ओढणारा. दोघांनी एकदमच सोडायची असं ठरलं आणि मी बाईंसमोर मान डोलावली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी फारसा चांगला दिसणार नाही.

बाईंनी आम्हाला एकेक वही दिली. तलफ आली की लिहायचं: प्रसंग काय, मनात विचार कोणता आला, तलफ दहापैकी किती, तो विचार खरा असल्याचा पुरावा काय, त्याऐवजी दुसरा कोणता विचार करता येईल आणि शेवटी आपण काय केलं. "तलफ चढते तशी उतरतेही," बाई म्हणाल्या. "दहा मिनिटं थांबायचं फक्त."

"म्हणजे मोटर लावल्यापासून पाणी शेवटच्या केळीला पोचेस्तोवर," मामा म्हणाले. बाईंनी गोंधळून होकार दिला. मोटर लावायची, पाटाच्या कडेला उभं राहायचं आणि पाणी पोचेपर्यंत एक ओढायची, हा मामांचा जन्माचा नेम होता. आता त्याच जागी, त्याच वेळी सुकेळं आलं.

उपचार मामांना इतका आवडला, की तो त्यांनी स्वतःपुरता ठेवलाच नाही. रिक्षावाला म्हणाला, "पुढे रस्ता खोदलाय काका, फिरून जायला लागेल," तर मामा विचारणार, "पुरावा काय?" मामी एकदा म्हणाल्या, "माझं तुम्ही कधी ऐकलंय?" मामांनी पुरावा मागितला. मामींनी लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केली. जेवणं आटोपली तरी त्या पहिल्याच वर्षात होत्या. मामा दहापैकी गुणही सगळ्यांना देऊ लागले. फणसाच्या भाजीला आठ, समोरच्या नव्या बिल्डिंगमधल्या गाण्याला दोन, जावई म्हणून मला साडेसहा.

मला तेही जास्तच होते. दर रविवारी मी मामांच्या वाडीत जायचो, शर्ट खुंटीला अडकवून केळीची सुकी पानं छाटायचो आणि मधेच पाकिटातली एक काढून पंपघरामागे सटकायचो. परत आलो की मामा विचारायचे, "जावई, आज तलफ किती?" मी म्हणायचो, "शून्य, मामा." माझी वही कोरी होती. पाच रविवार मी हे केलं.

सहाव्या रविवारी मामा म्हणाले, "बाईंची पुढची तारीख माझ्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा, तुमचं अक्षर बरं आहे," आणि ते मोटर लावायला गेले. मी वही उघडली. पानं चाळायला नको होती, पण चाळली.

"प्रसंग: रविवार. जावई पंपघरामागून आले. वास आला. तलफ: नऊ. विचार: एक मागून घ्यावी. दुसरा विचार: मागितली तर मला कळलंय हे त्यांना कळेल. मग ते लाजून यायचे बंद होतील. काय केलं: सुकेळं खाल्लं."

पाचही रविवार हेच होतं. शेवटच्या रविवारी तलफ दहा होती आणि खाली लिहिलं होतं: "शर्ट खुंटीला होता. खिशात हात घातला. पाकीट हाताला लागलं. तसंच ठेवलं."

त्या दिवशीही शर्ट खुंटीलाच होता. मी पाकीट काढलं, चुलीत टाकलं आणि पाटाकडे गेलो. मामा पाठमोरे उभे होते.

"मामा, मी..."

"तलफ किती?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

"नऊ," मी म्हणालो. पहिल्यांदाच खरं बोललो.

त्यांनी सुकेळ्याचे दोन तुकडे केले आणि मोठा मला दिला. "पाणी पोचेस्तोवर थांबायचं."

पण वाडी आता अर्धीच उरली आहे. बाकीची त्या नव्या बिल्डिंगखाली गेली आणि पलीकडे तिची भिंत आली. पाणी पाच मिनिटांतच शेवटच्या केळीला पोचलं. मामांनी मोटर बंद केली आणि ते परत येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. उरलेली पाच मिनिटं आम्ही दोघं त्या भिंतीकडे बघत, सावकाश श्वास सोडत होतो.