सिस्टर, तुम्ही बीपी घ्या

वालूरची राजेश्री परभणीला होस्टेलवर राहून नर्सिंग शिकायची. शेवटचं वर्ष होतं. पेशंटला बोलतं करण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे.

त्या वर्षी डॉक्टरकी, फार्मसी आणि नर्सिंगच्या मुलांनी एकत्र शिकावं असं वरून ठरलं. तिघातिघांचे गट झाले, आणि दर शनिवारी जीपनं चारठाण्याकडच्या वस्तीवर शुगरचे पेशंट बघायला जायचं. राजेश्रीच्या गटात डॉक्टरकीचा आदिनाथ आणि फार्मसीचा धम्मदीप. तिघंही एकाच वयाचे. तरी आदिनाथ तिला 'सिस्टर' म्हणणार आणि ती त्याला 'सर' म्हणणार, हे न बोलताच ठरून गेलं.

त्यांची पेशंट केवळाबाई, साठीची, मेंढरं राखणारी. शुगर तीनशेच्या वर. "गोळी घेत नाही ना? रोज सकाळी उठल्याबरोबर घ्यायची," आदिनाथनं तिला झापलं आणि पुढच्या घरी गेला. राजेश्री बीपीचा पट्टा गुंडाळत तिथंच टेकली.

"मावशी, गोळी का सोडली?"

"घेतली की अंधारी येते, माय. चहा पिऊन मेंढरामागं जाते, भाकर खायला दुपार होते. रानात पडले तर उचलायला कोण हाय?"

राजेश्रीनं हे सगळं फाइलमध्ये लिहिलं. जीपमध्ये धम्मदीप हळूच म्हणाला, "ही गोळी खाण्याबरोबरच घ्यायची असते, नाहीतर शुगर एकदम उतरते."

"मग सरांना सांग ना."

"मला कोण विचारतंय? मागं बोललो तर म्हणाले, तू गोळ्या मोज."

मग तिनंच पुढच्या सीटवरच्या आदिनाथला सांगितलं. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. "केस मी मांडणार आहे. सिस्टर, तुम्ही बीपी घ्या."

सोमवारी कॉलेजात मोठ्या डॉक्टरांपुढं त्यानं केस मांडली: पेशंट ऐकत नाही, शुगर तीनशेच्या वर. त्यांनी डोस वाढवला. राजेश्रीनं हात वर केला, तर ते घड्याळ बघत म्हणाले, "नंतर." नर्सिंगच्या मॅडमकडं गेली, तर त्या म्हणाल्या, "तू कशाला मध्ये पडतेस?"

शनिवारी नवीन गोळ्या दिल्या. राजेश्रीनं केवळाबाईला बाजूला घेऊन सांगितलं, आधी भाकर खा, मग गोळी.

"डागदरसाहेब तर उठल्याबरोबर घ्या म्हनले. तू लेकरू हायस, तुझं कसं ऐकू?"



मंगळवारी उठल्याबरोबर गोळी घेऊन निघालेली केवळाबाई रानात चक्कर येऊन पडली. शेजारच्या शेतातल्या बायांनी तोंडात गूळ घातला म्हणून शुद्धीवर आली, पण मनगट मोडलं. पुढच्या शनिवारी तिच्या हाताला प्लॅस्टर होतं आणि मेंढरामागं सून गेली होती. आदिनाथनं पहिल्यांदाच फाइलची मागची पानं उलटली.

"हे माहीत होतं तर सांगायचं ना, सिस्टर."

"सांगितलं होतं, सर. जीपमध्ये."

त्यानं फाइल मिटली. डोस कमी झाला, गोळी न्याहारीबरोबर ठरली. माफी कुणी मागितली नाही.

या एकत्र शिकण्याच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांना अभिप्रायाचे फॉर्म वाटले. 'गटात माझं म्हणणं ऐकलं गेलं' या वाक्यापुढं आजूबाजूच्या मुलींनी भराभर 'पूर्ण सहमत'वर खूण केली. राजेश्रीनं 'पूर्ण असहमत'वर केली आणि खाली केवळाबाईचं सगळं लिहिलं. मॅडमनी ते वाचलं आणि तिच्यापुढं दुसरा कोरा फॉर्म ठेवला.

"अगं, हे वर जाणार आहे. नीट भर."

"नीटच भरलाय, मॅडम," ती म्हणाली आणि कोरा फॉर्म टेबलावर ठेवून बाहेर पडली. वर पाठवलेल्या अहवालात तिचा फॉर्म धरला नाही, हे तिला नंतर धम्मदीपकडून कळलं.