मी लाल रिपोर्ट पाठवला

माझं बोलणं फटकळ आहे, असं पुण्याच्या ऑफिसात सगळे म्हणतात. म्हणू द्या. मी अमरावतीत घरी बसून त्यांचं ॲप नीट चालतं का हे तपासणाऱ्या टेस्ट लिहिते, आणि अमरावतीत असंच बोलतात.

ॲप कापूस विकणाऱ्यांसाठी होतं. कापसातून सरकी काढतात त्या जिनिंग कारखान्यासमोर गाड्यांची रांग लागते, म्हणून घरूनच मोबाइलवर नंबर घ्यायचा. आमच्या टेस्ट रोज सकाळी आपोआप चालायच्या. सगळ्या पास झाल्या की रिपोर्ट हिरवा, नाहीतर लाल. नंबर घ्यायची टेस्ट मात्र कधी पास व्हायची, कधी नापास. मी नवी होते. पुण्याचे आमचे सर म्हणाले, "नापास झाली की पुन्हा चालवा. तीनदा चालवा. एकदा पास झाली की पुरे." मी तसंच लिहिलं. वरून, मधे एखादी चूक आली तर ती गुपचूप गिळून पुढे जायची सोयही करून ठेवली. ही करामत माझ्याच हातची, कबूल करते. दोनदा नापास झालेलं पोरगं पहिल्या झटक्यात पास झालं म्हणून पेढे वाटायचे, असला तो प्रकार.

ॲप येणार म्हणून मी तेल्हाऱ्याच्या मामाला कौतुकानं सांगितलं. मामा कापूस अकोल्याला नेतो. तो म्हणाला, "आमच्या वावरात नेट येते अन् जाते. नंबर लागला म्हनून गाडी भरून अकोल्याले नेली, अन् तिथं नाही म्हटलं, तं मी काय करू?"

"असं होत नाही मामा," म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. होतं की नाही हे मला माहीतच नव्हतं. ते कळू नये अशी व्यवस्था मीच तर केली होती!

असं डोकं सणकलं माझं! पुन्हा पुन्हा चालवायचं बंद केलं, गिळलेल्या चुका बाहेर काढल्या. रिपोर्ट लालेलाल. तसाच पुण्याला पाठवला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? नेट मधेच तुटलं की ॲप "नंबर लागला" म्हणायचं, आणि पलीकडे जिनिंगच्या यादीत नोंदच नसायची.

शुक्रवारी व्हिडिओवर मीटिंग झाली. ॲप सोमवारी सुरू होणार होतं, आणि त्याच सोमवारी मला नोकरीत कायम केल्याचं पत्र मिळणार होतं. सहा महिने त्याची वाट पाहिली होती. आईनं तर गल्लीभर सांगून टाकलं होतं. सर म्हणाले, "आधीसारखं करून टाका. पत्राच्या तोंडावर वाद कशाला?"

साखरेत घोळलेली धमकीच होती ती.

"नाही करत," मी म्हटलं. "तुमीच पाहा."

मी फोन कॅमेऱ्यासमोर धरला, नंबर घ्यायचं बटन दाबलं आणि लगेच डाटा बंद केला. "नंबर लागला" आलं. डाटा सुरू करून यादी उघडली. यादी रिकामी.

सोमवारचं ॲप थांबलं. मग सरांनी मला एकटीला थांबवलं.

"तुमचं काम चांगलं आहे. पण ही बोलायची पद्धत! पत्र तीन महिने पुढे ढकलतोय. बघू, काही बदल होतो का."

डोळे भरून आले. कॅमेरा मुद्दाम चालू ठेवला.

"पाहा ना सर. तीन महिन्यांनीबी मी अशीच बोलीन, अन् लाल असन तं लालच पाठवीन."