कोटातला परका

हे गेल्यावर तिसऱ्या दिवशी मुलाने गव्हाणच्या नाक्यावर श्रद्धांजलीचा बॅनर लावला. त्यात ह्यांच्या मानेखाली कुणा परक्याचा कोट-टाय चिकटवला होता. माझं डोकंच फिरलं. जन्मभर खाडीत जाळी टाकणारे हे, बनियनवरच नातीच्या वेण्या घालायचे आणि तसेच तिला शाळेत सोडायला जायचे.

"यो माझा नवरा नाय. उतरव," मी मुलाला म्हटलं.

"आये, चारचौघांत बरा दिसतो."

"बापाची लाज वाटते तुला?"

तो बॅनरला हात लावेना. शेवटी मीच कोयत्याने दोऱ्या कापल्या. नातीच्या मोबाइलमध्ये कोळंबी सोलता सोलता हसणारे हे होते. तोच फोटो घरात लावलाय. मुलगा अजून माझ्याशी धड बोलत नाही. मीही त्याची समजूत काढणार नाही.