बियांसाठी ठेवलेला टोमॅटो

बागेच्या ग्रुपवरच्या मंडळी, तुम्हा सगळ्यांच्या मेसेजना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. आज जीव थाऱ्यावर नाही.

शेजारच्या जोनबाईंच्या नवऱ्याने एका जुन्या जातीचे टोमॅटो आयुष्यभर लावले. तो गेल्यावर त्यांनी उरलेलं सगळं बी मला दिलं. यंदा ते सगळं पेरलं, पण करपा रोगाने झाडं गेली. एकच टोमॅटो वाचला. तो बियांसाठी मी किचनच्या खिडकीत पिकत ठेवला होता.

दुपारी सूनबाईने त्याची कोशिंबीर केली!

“बाबा, मऊ पडला होता हो. सांगायचं तरी!” म्हणाली, आणि स्वतःच चमच्याने बिया वेचायला बसली. फोडणी अजून घातली नव्हती, तेवढं नशीब.

पण दही-मीठ लागलेलं बी रुजतं का? उद्या जोनबाई चहाला येणार, टोमॅटो बघायला मागणार. कुणाला माहीत असेल तर त्याआधी कळवा हो.