एक नंबरची सुट्टी

लॅपटॉप काउंटरवर ठेवला की सिस्टर आधी त्याच्या पाठीला उलटा हात लावून बघत. क्षणभर डोळे मिटून अंदाज घेत आणि मग मला सांगत, "भाऊ, कणकण आहे याला." त्यानंतर लक्षणं यायची. कधीपासून तापतोय, आवाज कसा करतो, चालू व्हायला किती कुरकुरतो. मी स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून ऐकत राहायचो. मध्येच काही बोललो तर म्हणत, "आधी पूर्ण ऐकून घ्या."

नाशिकरोडला, उपनगर नाक्याच्या अलीकडे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वस्तू दुरुस्तीला टाकून निघून न जाता तिच्या उशाशी बसून राहणारं गिऱ्हाईक तुम्हीही कुठे ना कुठे पाहिलं असेल. सिस्टर त्यातल्या. दुपारी येत, "जय भीम, भाऊ" म्हणत, टेबलफॅनसमोरची खुर्ची ओढून घेत आणि लॅपटॉप शुद्धीवर येईपर्यंत हलत नसत. मी मुळात तिरसट माणूस. कोणी डोक्यावर बसलेलं मला खपत नाही. पण सिस्टरांना "उद्या या" म्हणायची माझी कधी छाती झाली नाही. जन्मभर वॉर्ड सांभाळलेली बाई समोर असली की माणूस आपोआप सरळ उभा राहतो.

त्यांना नाव होतं, पण आमच्या भागात ते कोणी वापरत नसे. मालेगावकडच्या सरकारी दवाखान्यात त्यांची नोकरी झाली. यंत्रमागात सापडलेली बोटं, हायवेवरचे अपघात, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. इन्चार्ज सिस्टर म्हणून रिटायर झाल्या आणि इथल्या कॉलनीत दोन खोल्यांत राहायला आल्या. यजमान लवकर गेलेले, मूलबाळ नाही. बहिणीचा मुलगा जवळ राहून शिकला. त्याला पुण्याला नोकरी लागली तेव्हा त्याने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना मावशीला दिला, नात्यातल्या लग्नांचे फोटो बघत बसायला.

फोटो राहिले बाजूला. त्या लॅपटॉपवर भाच्याने एक फुटबॉलचा खेळ अर्धवट टाकला होता. या खेळात आपण चेंडूला पाय लावायचा नसतो. आपण क्लबचे मॅनेजर. कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं, सराव किती घ्यायचा हे आपण ठरवायचं आणि मग पडद्यावर सामना नुसता बघायचा. भाच्याचा क्लब इंग्लंडातल्या कुठल्याशा समुद्रकाठच्या गावातला होता. खालच्या लीगमधला, आणि त्या लीगमध्येही तळाला.

हे सगळं सिस्टरांच्या हाती कसं लागलं ते त्यांनीच मला सांगितलं. फोटो शोधताना काहीतरी दाबलं गेलं आणि समोर जखमी खेळाडूंचं पान उघडलं. हॅमस्ट्रिंग, घोटा, गुडघ्याचा लिगामेंट. इंग्रजी त्यांना वॉर्डापुरतं येई, आणि हे इंग्रजी नेमकं वॉर्डातलं होतं. "भाऊ, मी बघतच राहिले. निम्मे जण अ‍ॅडमिट आणि वॉर्डला वाली नाही! असं सोडून जातात का कोणी?"

त्या दिवसापासून क्लब सिस्टरांचा झाला.

फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय ते मी त्यांना काउंटरवर रबरी वॉशर मांडून समजावलं, तर म्हणाल्या, "म्हणजे नंबर लागायच्या आधीच आत घुसला. बरोबर आहे, हाकलायलाच पाहिजे." खेळाडूंची नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत. त्या पाठीवरच्या नंबरावरून बोलत. एक नंबर म्हणजे वयस्कर गोलकीपर. चौदा नंबर म्हणजे गुडघेवाला. सगळी बेडनंबरची सवय. दुकानात पाऊल टाकता टाकता त्या सांगत, "चौदा नंबरने आज थोडं पळून बघितलं. सूज नाही." बाकावर बसलेली माणसं कळवळून विचारत, "घरातलं कोण आजारी आहे का हो?"

क्लब चालवायची त्यांची रीत अशी की जखमी माणूस पूर्ण बरा झाल्याशिवाय मैदानात जाणार नाही. पडद्यावरचा डॉक्टर सांगायचा, खेळवा, चालेल. सिस्टर म्हणत, "डॉक्टर राउंड घेऊन जातो निघून. डिस्चार्जचं मी बघते." दुसरं म्हणजे प्रत्येकाला पाळीने सुट्टी. मग तो गोल करणारा असो की पाणी देणारा. मी एकदा चिडून म्हणालो, "अहो सिस्टर, हा नुसता आकड्यांचा खेळ आहे. थकवा सत्तर टक्के, फॉर्म सहा. सुट्ट्या कसल्या वाटताय?"

"मग वॉर्डात काय असतं?" त्या म्हणाल्या. "बीपी, शुगर, पल्स. मी आयुष्यभर आकडेच बघितले."

आणि गंमत बघा, क्लब उठून बसला. दमलेली पोरं ताजी झाली. चौदा नंबर बरा होऊन आला आणि गोल करायला लागला. तळाचा क्लब एकेक पायरी वर सरकायला लागला. मीही, लाज वाटते सांगायला, दुसऱ्याचा प्रिंटर खोलून ठेवून त्यांच्या शेजारी उभा राहून सामना बघायला लागलो.

पण भाच्याने आधीच इतकं घालवून ठेवलं होतं, की हंगामाच्या शेवटच्या सामन्यापर्यंत मान सुरीखालीच होती. तळाचे क्लब आणखी खालच्या लीगमध्ये उतरतात. मालकांनी खेळात तसं बजावलेलंच होतं: क्लब उतरला तर मॅनेजर घरी. शेवटचा सामना निदान बरोबरीत सुटला की क्लब वाचणार आणि सिस्टरही वाचणार होत्या.

त्या दुपारी त्या लॅपटॉप घेऊन दुकानात आल्या. त्याची तब्येत ठीक होती, नुसताच सोबतीला आणला होता. दिंडोरीकडचे एक द्राक्षवाले बाबा प्रिंटर घ्यायला आले होते, तेही थांबले. सिस्टरांनी संघ लावला आणि मी बघितलं तर एक नंबर बाहेर. त्याच्या जागी एक कच्चा गोलकीपर.

"सिस्टर, एक नंबर कुठंय?"

"त्याची सुट्टी आहे. मागच्या महिन्यात त्याने मागितली होती, दमलो म्हणून. मी या आठवड्याची कबूल केली."

"अहो, आज? आज सुट्टी?"

"कबूल केलेली सुट्टी मोडायची नाही, भाऊ. आमची मोडायचे ना, तेव्हा मी ठरवलं होतं. मी इन्चार्ज झाले की कोणाची मोडणार नाही. नाही मोडली."

मी डोक्याला हात लावला. द्राक्षवाल्या बाबांना फुटबॉल कळत नव्हता, पण एवढं कळलं. "छाटणीच्या टायमाला मजुराला सुट्टी देत नसत्यात, सिस्टर," ते म्हणाले. "लय चुकतंय बघा."

"म्हणूनच तुमच्याकडे मजूर टिकत नाही," सिस्टर म्हणाल्या आणि सामना सुरू करायचं बटण दाबलं.

आम्ही एका गोलने हरलो. गोल असा गेला की एक नंबरने तो झोपेत अडवला असता. क्लब उतरला. सिस्टरांनी पुढचा दिवस उघडला, तर मालकांचा निरोप आलेलाच होता. तुमची सेवा संपुष्टात आणत आहोत, आजवरच्या कामाबद्दल आभार. त्यांनी तो बोट ठेवून वाचला आणि मला विचारलं, "म्हणजे परत रिटायर?"

द्राक्षवाले बाबा प्रिंटर उचलून गुपचूप निघून गेले.

तुम्ही म्हणाल, खेळच तो, त्यात काय एवढं? मीही तेच म्हणणारा माणूस होतो. पण त्या बाईंच्या घरी सकाळी उठून चौकशी करावी असं कोणी नव्हतं, आणि त्या पडद्याने त्यांना पुन्हा विसेक माणसं दिली होती. ती गेली हे मला डोळ्यांनी दिसत होतं. मला फार वाईट वाटलं. म्हणून मी माझ्या धंद्यातला उपाय काढला. खेळ मधूनमधून स्वतःची नक्कल जपून ठेवतो. सामन्याच्या आधीची नक्कल उघडायची, एक नंबरला उभा करायचा, सामना परत खेळायचा. सगळी पोरं हेच करतात. मी माउस हातात घेतला.

सिस्टरांनी माझ्या हातावर हात ठेवला. "पेशंट गेल्यावर चार्ट बदलायचा नसतो, भाऊ."

"मग चुकलं असं तरी म्हणा."

"चुकलंच," त्या लगेच म्हणाल्या. "सुट्टी द्यायला पाहिजेच होती. पण ड्यूटी लावताना पुढचा महिना बघायचा असतो. मी त्याला दोन आठवडे आधी द्यायला हवी होती. इतकी जुनी सिस्टर मी, आणि ड्यूटी लावायला चुकले." लॅपटॉप मिटून त्या गेल्या. जाताना "जय भीम" म्हणायचं राहून गेलं.

मला वाटलं, संपलं. पण काही दिवसांनी त्या पुन्हा आल्या. की-बोर्डात चहा सांडला होता. लॅपटॉप सुकवून चालू केला तर खेळ तसाच चालू. त्या बेकार मॅनेजर होत्या, आणि रोज एकेक दिवस पुढे ढकलून जुन्या क्लबचं पान उघडून बघत होत्या. दुसऱ्या एका क्लबने त्यांना बोलावलंही होतं, वरच्या लीगमधल्या. त्यांनी नकार कळवला. "तिथलं कोण मला माहीत आहे?"

त्यांच्या जागी आलेल्या नव्या मॅनेजरवर त्यांचा भारी राग. "चौदा नंबरला सूज असताना पळवला. आता पडलाय परत. आणि एक नंबर बघा, नुसता बसवून ठेवलाय. नाराज आहे असं लिहिलंय. दिसतंय ना?" मी म्हणायचो, दिसतंय. त्यांना काहीच करता येत नव्हतं. भेटायच्या वेळेत बाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकासारखं नुसतं बघत राहायचं. तरी त्या दिवस पुढे ढकलत राहिल्या. आजूबाजूला खऱ्या जगात उन्हाळा संपला, पावसाळा निम्मा झाला.

मग एका दुपारी त्या लगबगीने आल्या. उलटा हात नाही, काही नाही. लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "पंखा बंद पडलाय. पाच मिनिटांत झोपतो. आणि आज मला तो जागा पाहिजे."

नव्या मॅनेजरला मालकांनी काढलं होतं. जागा निघाली, सिस्टरांनी अर्ज केला, मुलाखतही झाली. पडद्यावर प्रश्न येतात आणि खाली दिलेल्या उत्तरांतून एक निवडायचं असतं. क्लब सोडावा लागला होता, परत का यायचंय, असा प्रश्न आला, तेव्हा सगळी उत्तरं बघून त्या वैतागल्या होत्या. "महत्त्वाकांक्षा आहे, जिंकायचं आहे, नाव कमवायचं आहे. त्यांची काळजी वाटते, हे उत्तर कुठे ठेवलंच नाही." शेवटी त्यातल्या त्यात बरं होतं ते दाबलं. आता निकाल लागायचा होता, आणि नेमका पंखा गेला.

माझ्याकडे दुसऱ्या एका मोडक्या लॅपटॉपचा पंखा होता. तो बसेना. मी तासाभरात घामाघूम झालो. दोन गिऱ्हाइकं कंटाळून गेली, एकाला मीच हाकललं. सिस्टर खुर्चीवर न बसता काउंटरला धरून उभ्या होत्या. नातेवाईक उभे राहतात ना, तशा. शेवटी पंखा फिरला, आवाज स्वच्छ आला. मी नवी बॅटरीही घातली आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"तुम्ही दाबा," त्या म्हणाल्या.

"तुमचा क्लब आहे. तुम्ही दाबा."

त्यांनी दाबलं. एक दिवस गेला, काही नाही. दुसरा दिवस, काही नाही. तिसऱ्या दिवशी मालकांचं पत्र आलं. त्यांना परत घेतलं होतं.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी आधी जखमींचं पान उघडलं, चौदा नंबरचा गुडघा बघितला, त्याचा सराव बंद केला. मग पदर कमरेला खोचला. एवढ्यात बाजूला एक बातमी आली. त्या बोट ठेवून वाचायला लागल्या. जुन्या मॅनेजर परत आल्याचा खेळाडूंना आनंद झाला आहे, असं काहीसं होतं, आणि खाली तीन नावं होती.

"हे पहिलं नाव," त्यांनी विचारलं, "एक नंबरचं ना?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला. तो हातातच राहिला. "ओळखलं त्यांनी मला, भाऊ."

मी या धंद्यात आहे. ते वाक्य कसं येतं मला ठाऊक आहे. जुना मॅनेजर परत आला की खेळ ते छापतो, मॅनेजर कोणीही असो. एरवी मी हे सांगितल्याशिवाय राहिलो नसतो, असले भ्रम मला सहन होत नाहीत. त्या दिवशी मी म्हणालो, "ओळखणारच."

मी लॅपटॉप मिटून पिशवीत घालायला गेलो तर त्यांनी घालू दिला नाही. शनिवारचा सामना तोंडावर होता, अजून संघ लावायचा होता. उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर घेऊन त्या पायऱ्या उतरल्या. मी धावत जाऊन शेअर रिक्षा थांबवली, त्यांना आत बसवलं. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि एक हात पडद्यामागे आधाराला धरला.

त्याला आता बरेच महिने झाले. सिस्टर दुकानात आल्या नाहीत, म्हणजे पंखा नीट चालला असणार. तो क्लब वर चढला की तिथेच राहिला, मला माहीत नाही. टेबलफॅनसमोरची खुर्ची रिकामी असते आणि दुपारचे प्रिंटर माझ्याकडून वेळेवर होतात. पण त्या दिवशीची रिक्षा डोळ्यांपुढून जात नाही. रिक्षावाला मागे वळून म्हणाला होता, "मावशी, ते बंद करून घ्या ना. रस्ता खराब आहे, पडेल हातातून."

"नाही पडणार," सिस्टर म्हणाल्या. "तू सावकाश ने. आत माणसं आहेत."