दर दोन तासांनी

आमच्या हॉस्टेलात तिला सगळ्या 'अर्धी' म्हणायच्या. नाव मीच ठेवलं होतं. मेसमध्ये अर्धं ताट टाकून उठायची, नोट्स अर्ध्या उतरवायची, युनिफॉर्म इस्त्रीला घ्यायची आणि एक बाही होते न होते तोच बस पकडायला धावायची. "तुझं लग्नसुद्धा अर्धंच होणार बघ," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, "होऊ दे की. अर्ध्या नवऱ्याची कटकटही अर्धीच." बोलण्यात मला हार जाणारी नव्हती. मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. शिकून त्याच हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून लागले होते आणि क्वार्टर मिळेपर्यंत तिच्याच खोलीत राहत होते. तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं.

तिच्या धावण्याचं कारण दोन खोल्यांच्या एका घरात पलंगावर पडून होतं. तिची आई शाळेत शिपाई होती. वर्गातला पंखा पुसताना स्टुलावरून पडली, पाठीचा मणका गेला आणि कमरेखालचं अंग मेलं ते मेलंच. टाचणी टोचली तरी कळायचं नाही. वडील शिंपी. पलंगाच्या पायथ्याशीच त्यांची मशीन, त्यामुळे माणूस दिवसभर घरात असायचा, एवढंच काय ते बरं होतं. अर्धी रोज पाच वाजता लेक्चर सुटलं की घरी पळायची, आईचं अंग पुसायची, पाठ बघायची आणि नऊच्या आत हॉस्टेलच्या फाटकाशी हजर व्हायची.

असं माणूस सांभाळताना औषधापेक्षा मोठी गोष्ट एकच, ती म्हणजे कूस. दर दोन तासांनी उजवी, मग डावी. एका जागी पडून राहिलं की कातडी काळवंडते, मग फाटते, आणि एकदा जखम आत गेली की ती माणसालाच घेऊन जाते. आम्हाला हे पहिल्या वर्षी शिकवतात. वॉर्डात अशा प्रत्येक पेशंटच्या खाटेला एक तक्ता अडकवलेला असतो: वेळ, कूस, आणि वळवलं की समोर टिक. अर्धीने तसाच तक्ता स्वतः आखून घरी मशीनच्या वर भिंतीला लावला. "बाबा, सहा, आठ, दहा, बारा. शर्टाची कॉलर अर्धी राहिली तरी चालेल, पण उठायचं," असं बजावलं. बाबा उठायचेही.

सगळं बिघडलं ते हजेरीवरून. आईच्या ऑपरेशनच्या वेळी हिचे वॉर्डातले सव्वीस दिवस बुडाले होते. परीक्षेला महिना उरला तेव्हा ट्यूटर मॅडमनी तास मोजले आणि सांगितलं की तास भरून काढ, नाहीतर यंदा बसता येणार नाही. मी स्वतः जाऊन भांडले. म्हटलं, "मॅडम, ती घरी जाऊन तेच काम करते. अहो, तुमच्या वॉर्डापेक्षा चांगलं करते." मॅडम म्हणाल्या, "घरच्या कामाचे तास धरता येत नाहीत." बाई वाईट नव्हती, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग सकाळी सात ते एक वॉर्ड, दोन ते पाच लेक्चर, पाच ते नऊ पुन्हा वॉर्ड. घरी जायला फक्त रविवारची दुपार. अर्धी वहीवर डोकं ठेवून झोपायची आणि मी हलवलं की डोळे मिटलेलेच असताना म्हणायची, "उठले, उठले." एकदा बाथरूममध्ये नळ सोडून नुसती उभी राहून रडत होती. मी दार वाजवलं तर आतून म्हणाली, "दोन मिनिटं गं, आटपतच आलंय."

आता मला जे सांगायचं नाही ते सांगते. संध्याकाळची तिची ड्यूटी माझ्याच वॉर्डात असायची. चाळीस खाटा आणि आम्ही दोघी. एकदा सलाईन, इंजेक्शनं, एक आणीबाणी असं करता करता आठ वाजले आणि अकरा नंबरच्या आजोबांना सहापासून कुणी वळवलंच नव्हतं. ती घाबरीघुबरी झाली. मी म्हटलं, "टिक मार आणि पुढे हो." तिने मारली. मी म्हटलं, "वेडे, सगळ्या टिका एकाच पेनाने मारू नकोस, एका दमात भरलाय ते ओळखू येतं. एक निळं ठेव, एक काळं." ही युक्ती मला माझ्या सीनियरने शिकवली होती. आजोबांना काही झालं नाही. आमच्याकडे सगळ्याच असं करायच्या, आणि बहुतेक वेळा कुणालाच काही व्हायचं नाही.

पहिल्या रविवारी ती घरून आली ती खुशीत होती. तक्ता चोख भरलेला होता. दुसऱ्या रविवारी बस चुकली, तासभरच मिळाला. पाठ बघायला गेली तर आई म्हणाली, "आत्ताच वळवलंय बाबांनी, मला डोळा लागतोय, राहू दे." हिने तक्ता पाहिला, सगळ्या टिका होत्या, आणि आईच्या पायाशी बसून वही उघडली. नर्सच अशी फसते. दुसरी कुणी मुलगी असती तर तिने चादर वर केली असती.

तिसऱ्या रविवारी मीही बरोबर गेले. परीक्षा आठ दिवसांवर आली होती, आणि ती आईचं करेल तोवर मी तिला मोठ्याने वाचून दाखवायचं असं ठरलं होतं. दारात चपला काढल्या आणि मला वास आला. आमच्या धंद्यात तो वास एकदा कळला की विसरता येत नाही. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाबांची मशीन थांबली. आई म्हणाली, "या या, मोठ्या सिस्टरबाई पण आल्या वाटतं आज." अर्धी सरळ गेली, आईला कुशीवर घेतलं आणि गाऊन वर केला.

माकडहाडावर माझ्या तळव्याएवढा खड्डा होता. कडा काळ्या होत्या आणि आत हाड दिसत होतं.

मी भिंतीकडे पाहिलं. तक्त्यावर तीन आठवड्यांची एकही टिक चुकली नव्हती. काही निळ्या होत्या, काही काळ्या.

"बाबा," ती म्हणाली, "कधीपासून वळवलं नाहीत?"

बाबा मशीनवरच बसून राहिले. मग म्हणाले, "एकदा वळवताना माझ्या हातून सुटली गं ती. खाली पडली. मला एकट्याला उचलता येईना, शेजाऱ्यांना बोलवावं लागलं. त्यानंतर हात लावला की माझे हातच थरथरायला लागतात. थोडं सरकवायचो, उशी लावायचो."

"मग मला सांगायचं ना!"

"मीच नको म्हटलं," आई म्हणाली. "सांगितलं असतं तर तू सगळं सोडून इथे येऊन बसली असतीस. आणि ओरडू नकोस त्यांच्यावर. टिका मी सांगायची आणि ते मारायचे. दोन पेनं घ्या हे पण मीच सुचवलं. शाळेत मास्तर लोक हजेरी भरायचे तशी. मला काही दुखत नाही बाई, खरंच."

अर्धी दोघांवर ओरडली नाही. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती तिथेच फरशीवर बसली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अकरा नंबर." बस, एवढंच.

त्याच दुपारी आईला आमच्या हॉस्पिटलात आणलं. जखमेचं विष रक्तात गेलं होतं. वॉर्डाच्या टोकाला वेगळी खोली दिली. आत जाताना गाऊन, टोपी आणि मास्क घालावा लागे. सर्जन साफ बोलले, "प्रयत्न करू." सर्जन असं म्हणाले की काय समजायचं ते आम्हाला समजतं. अर्धीने वह्या पेटीत टाकल्या आणि दर दोन तासांनी स्वतः आईला वळवायला लागली. दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. बाबा बाहेर बाकावर बसून असायचे.

आठवा दिवस उजाडला. दहा वाजता पहिला पेपर. तो बुडाला की वर्ष गेलं. आईला एकशे तीन ताप होता, पण शुद्ध होती. लेक अजून खोलीतच आहे हे पाहून ती म्हणाली, "निघ."

"मी पुढच्या वर्षी देईन, आई."

"तू गेली नाहीस तर मी कूस बदलू देणार नाही. कुणालाच नाही. बघच तू." आणि खरंच, आठ वाजता आम्ही दोघी वळवायला गेलो तर बाईने दोन्ही हातांनी खाटेची दांडी धरून ठेवली. कमरेखाली मेलेली बाई, पण हातांत केवढा जोर! आम्ही हात टेकले. शेवटी अर्धी म्हणाली, "बरं, जाते." तेव्हा कुठे आईने दांडी सोडली. आम्ही वळवलं. हॉल तिकीट तिने आईला दाखवून पिशवीत ठेवलं, पाया पडली आणि गेली.

दहाला पाच कमी असताना मी चादरी घ्यायला कपड्यांच्या खोलीत गेले. ती आत उभी होती, गाऊनच्या नाड्या बांधत.

"तू इथे काय करतेस? धाव, अजून घेतील आत!" मी म्हटलं. "मी आहे ना इथे. दहाला वळवते, बाराला वळवते. तुझी शपथ."

तिने मास्क वर ओढला. "दोन पेनं तूच शिकवलीस मला," ती म्हणाली.

ती हे रागाने म्हणाली नाही. मी चादरी उचलल्या आणि तिच्या मागून चालू लागले. बाकावरच्या बाबांनी मान वर केली आणि तिची चाल ओळखली. गप्प बसायची त्यांना सवय झालेली होती.

आईचा चष्मा खणात होता आणि डोळे तापाने जड झाले होते. मी म्हटलं, "काकू, दहा वाजले. या नवीन सिस्टर आहेत." अर्धीने एक हात खांद्याखाली घातला, एक मांडीखाली, आणि कागदाची घडी उलटावी इतक्या अलगद आईला डाव्या कुशीवर घेतलं. आई म्हणाली, "माझी मुलगी पण नर्स आहे. म्हणजे होईल. आज पेपर आहे तिचा." नवीन सिस्टरने मान हलवली.

बारा वाजता ताप आणखी चढला होता. आईचे शब्द सुटे सुटे येत होते. "तुमचा हात हलका आहे हो," ती मास्ककडे बघून म्हणाली. "माझ्या मुलीला शिकवा जरा. ती फार घाई करते. चांगली आहे, पण सगळं घाईघाईत." नवीन सिस्टरने उशी नीट लावली, चादरीची सुरकुती काढली आणि तक्त्यावर बाराच्या समोर टिक मारली. मग दाराबाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. तिच्या मास्कची वरची कड भिजली होती.

एक वाजून वीस मिनिटांनी तिने तोंड धुतलं, नवा मास्क लावला, गाऊन बदलला, टोपी न घालता केस मोकळे ठेवले आणि आत आली. "आई, आले गं."

आईने आवाज ओळखला. चेहरा असा उजळला की मला बघवेना. "कसा गेला?"

"सोपा होता. सगळं लिहिलं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

आईने तिचा हात शोधून धरला आणि दाराकडे बघत मला म्हणाली, "ती मघाची सिस्टर कुठे गेली? बोलवा ना तिला. माझी मुलगी दाखवते."

मी म्हटलं, "तिची ड्यूटी संपली, काकू."