टाचेची हाक

वरच्या मजल्यावरच्या मिचिकोसान गेल्याची बातमी मला कुणी येऊन सांगितली नाही. त्या सकाळी छतातून आवाज आला नाही, एवढंच. चहाचं आधण ठेवून मी वाट पाहत उभी होते. आधण उकळून आटत आलं, तरी वर सामसूम. मॉपच्या दांड्याने छतावर ठोकलं... उत्तर नाही. पुन्हा ठोकलं. मग त्यांच्या घराची किल्ली मुठीत धरून जिना चढले. दारापाशी पोचल्यावर किल्ली काही केल्या कुलपात जाईना.

सिंगापुरात क्वीन्सटाउनच्या या जुन्या ब्लॉकमध्ये आम्ही राहायला आलो, तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती भांडायला. माझा नवरा शिरीष मरीन इंजिनिअर, महिनोन्‌महिने बोटीवर. त्या दिवसांत समुद्री चाच्यांच्या बातम्या सारख्या यायच्या आणि याची बोट नेमकी त्याच पाण्यातून जायची. मेलला उत्तर आलं नाही की मी रात्रभर जागी. त्यात डोक्यावर ही ठकठक! दार उघडलं ते माझ्या खांद्याला लागणाऱ्या साठीच्या एका जपानी बाईंनी. पायांत टाचेला खिळे ठोकलेले लाल बूट. माझी तक्रार ऐकून त्या कमरेत इतक्या वाकल्या, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. आत नाचायची लाकडी फळी होती, तिच्याखाली रबरी चटया आणि त्यांच्याही खाली जुन्या रजया. "तरीसुद्धा ऐकू येतं?" त्यांनी काळजीने विचारलं. मी कशाला आले होते ते विसरून चहाला बसले.

ओसाकात बँकेत नोकरी करणाऱ्या मिचिकोसाननी ऐन विशीत कुठल्याशा थिएटरात फ्लॅमेंको हे टाचांच्या ठेक्याचं स्पॅनिश नृत्य पाहिलं, आणि घरच्यांशी भांडून थेट स्पेनमधलं सेव्हिल गाठलं. तिथल्या गुरूने तोंडावर सांगितलं, पाय चांगले आहेत, पण या नाचातलं दुःख तुझं नाही. "मेधासान, मी म्हटलं, दुःख मी घरून आणलंय, तुम्ही फक्त पाय शिकवा," हे सांगताना त्यांचे डोळे अजून चमकायचे. एका दौऱ्यावर सिंगापूरला आल्या आणि इथेच राहिल्या. शिकवू लागल्या, स्वतःची नृत्यं बसवू लागल्या. लग्न केलं नाही. त्यांच्या तालमीला मी कोपऱ्यात बसायचे. नाचणारी बाई मधेच टाचेने हाक देते. ती ऐकली की गिटारवाल्याने आणि टाळ्या देणाऱ्यांनी ओळखायचं, आता वळण आलं. नाचातली मला कळलेली ही पहिली गोष्ट.

मग त्यांचं हृदय ठोके चुकवू लागलं. "जन्मभर ताल सांभाळला, आता छातीच बेताल!" म्हणून हसल्या, पण ते हसू काही टिकलं नाही. मरणाला त्या भीत नव्हत्या. ओसाकात त्यांची मावशी एकटी राहायची. ती गेल्याचं शेजाऱ्यांना कळायला कित्येक दिवस लागले. ती खोली आवरायला मिचिकोसानच गेल्या होत्या. तिथल्या वासाबद्दल त्या एकदाच बोलल्या... "मला तसं सापडायचं नाहीये," म्हणाल्या आणि माझ्या हातात किल्ली ठेवली. त्या दिवसापासून ठरलं, सकाळी उठल्यावर त्यांनी टाचेने हाक द्यायची आणि मी मॉपच्या दांड्याने ओ द्यायची. खरं सांगायचं तर भीती दोघींची होती. शिरीष नसला की माझीही दखल घ्यायला घरात कुणी नसायचं. माझी ओ आली नाही, तर त्या खाली येणार होत्या.

या ठोक्यांवरूनच त्यांनी आपलं शेवटचं नृत्य बसवलं. डॉक्टरांनी नाचायला मनाई केली होती. मी हातापाया पडले. "बसून नाचते," म्हणाल्या आणि खरंच तसं केलं. खुर्चीत बसलेली एक बाई, बोलतात ते फक्त तिचे पाय. प्रयोगाच्या दिवशी ते पाय मधेच थांबले. गिटार थांबली. लोकांना तो नाचाचाच भाग वाटला, पण मी तालमी पाहिल्या होत्या, तिथे थांबायचं नव्हतं. मिचिकोसानचा हात छातीशी गेला होता.  काही सुचेना, तशी मी बसल्या जागी चपलेची टाच जमिनीवर आपटली. शेजारचे वळून पाहू लागले. मी पुन्हा आपटली... आणि स्टेजवरून ओ आली. नंतर रंगपटात मी त्यांच्यावर चिडले, रडले. त्या शांतपणे म्हणाल्या, "फार घाबरले होते गं. मग ऐकू आलं, की तू आहेस."

शेवटी त्या सकाळी किल्ली लागली. मिचिकोसान फळीशेजारच्या खुर्चीत होत्या. एक बूट पायात, दुसरा मांडीवर. मी हाका मारल्या, खांदा हलवला, आणि मग समजले. टीपॉयवरचा त्यांचा चहा अजून कोमट होता. ज्याची त्यांना धास्ती होती, तेवढं तरी झालं नाही. त्या कपाला हात लावून मी कितीतरी वेळ रडत बसले.

त्यांच्या भाचीने ते लाल बूट मला दिले. शिरीष पुन्हा बोटीवर गेलाय, वरचं घर बंद आहे. सकाळी आधण ठेवलं की कान छताकडे लागतात, आणि मग जी भीती येते ती आता माझी एकटीची. मी पडले तर कुणाला कळणार? गेल्या आठवड्यात राहवेना. बूट मला लहान होतात, म्हणून एक हातात घेतला आणि टाच फरशीवर जोरजोरात आपटली. थोड्या वेळाने बेल वाजली. खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या लिम आंटी, चांगल्याच तापलेल्या. "आय्यो, मेधा! सो नॉइझी, व्हाय लाइक दॅट?"

मी त्यांना आत बसवलं, चहा दिला, सगळं सांगितलं. त्या बुटाकडे पाहत राहिल्या.

"एव्हरी मॉर्निंग, अर्?"

मी मान हलवली.

"कॅन, कॅन," त्या लगेच कबूल झाल्या. "आय गॉट बांबू पोल."

दुसऱ्या दिवशी मी आधण ठेवून टाच आपटली आणि कान देऊन उभी राहिले. काहीच नाही... मग खालून, कपडे वाळत घालायच्या बांबूचे ठोके आले. मी आधणात चहा टाकला.